उरलेलं ते माझं

मंगळवार, ३ मार्च

चुकले. फळ्यावर, खडूनं, मोठ्या अक्षरांत चुकले!

आजचा सरावपाठ संभाव्यतेवर होता. शिक्षिका व्हायचं तर असे दहा पाठ घ्यावे लागतात. हा माझा सहावा. तीन दिवस तयारी केली होती. उदाहरण घरचंच घेतलं — दोन नाणी उडवली तर काय काय पडू शकतं? दोन्ही छापा. दोन्ही काटा. एक छापा, एक काटा. झाल्या तीन शक्यता. म्हणून प्रत्येकीची संभाव्यता एक तृतीयांश. वर त्याखाली दोन रेघाही मारल्या!

मागच्या बाकावर गणिताच्या बाई टिपणं घेत होत्या. त्यांचं पेन थांबलं.

तास संपल्यावर म्हणाल्या, "हे कुठल्या पुस्तकातलं गं?"

"पुस्तकातलं नाही, बाई. आमच्या घरातलं आहे."

हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पर्समधून दोन नाणी काढली — एक पिवळं, एक पांढरं. "आता मोज."

पिवळं छापा, पांढरं छापा. पिवळं काटा, पांढरं काटा. पिवळं छापा, पांढरं काटा. पिवळं काटा, पांढरं छापा.

चार! आणि 'एक-एक' त्यात दोनदा येतं. म्हणजे निम्म्या वेळा.

पाठ पुढच्या मंगळवारी पुन्हा घ्यायचाय. पण डोक्यात घोळतोय तो पाठ नाही. आमच्या घरातला खिळ्यांचा डबा.

बुधवार, ४ मार्च

डब्याचं नीट लिहून काढते, म्हणजे मलाच उलगडेल.

आम्ही तिघं — दादा, ताई आणि मी शेंडेफळ. बाबा सुतार, दादा त्यांच्या हाताखाली. माझ्याआधी आमच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. पण न्यायाच्या बाबतीत बाबा भलतेच काटेकोर. तिघांत भांडण झालं की नाणं उडवून भागत नाही, कारण नाण्याला बाजू दोनच. मग बाबांनी शोध लावला — नाणी दोन घ्यायची! खिळ्यांच्या डब्यात खुळखुळवायची आणि डबा जमिनीवर पालथा घालायचा. दोन्ही छापा, तर दादा. दोन्ही काटा, तर ताई. उरलेलं ते माझं, कारण मी धाकटी.

डबा उचलायचा मान थोरल्याचा. दादा आधी कड जराशी उचलून स्वतः डोकावणार, मग आम्हाला दाखवणार. बाबा दर वेळी ओरडणार, "एका झटक्यात उचल रे! उंदीर शोधतोयस का?"

भांडी कोण घासणार, पाणी कोण भरणार, खिडकीजवळ कोण झोपणार — सगळं डब्यावर. भांडी बहुतेक माझ्याकडेच यायची. आई म्हणायची, "हिचं नशीबच खरकटं." सगळे हसायचे. मीही.

नशीब कसलं डोंबलाचं!

गुरुवार, ५ मार्च

दुपारी घरात कुणी नसताना नाणी शंभर वेळा उडवली. 'एक-एक' त्रेपन्न वेळा. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा शंभर वेळा. अठ्ठेचाळीस.

शेजारच्या काकूंनी संध्याकाळी आईला विचारलं, "तुमची धाकटी जुगार खेळते का हो?"

शनिवार, ७ मार्च

बाबांनी जेवताना जाहीर केलं — कामाच्या खोलीवरचा, लाकडं ठेवायचा माळा रिकामा झालाय. मोठी खिडकी. भरपूर उजेड. दाराला आतून कडी! आमच्या घरात आजवर कुणाच्याच वाट्याला कडी आलेली नाही.

तिघांनाही हवाय. दादाला बाबांच्या घोरण्यापासून सुटका हवी. ताई दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करून विटलीये. तिला स्वतःचं मशीन मांडून स्वतःची गिऱ्हाइकं घ्यायचीत. आणि मी? परीक्षा सात आठवड्यांवर आलीये. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून अभ्यास करते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासाठी पाय आखडून घेते.

"पुढच्या रविवारी डबा," बाबा म्हणाले.

दादाला चारातली एक शक्यता. ताईला एक. मला दोन. आणि हे घरात मला एकटीला माहीत आहे.

गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. गप्प बसणं म्हणजे नुसतं गप्प बसणं. नाही का?

रविवार, ८ मार्च

नाही.

मंगळवार, १० मार्च

पाठ झाला! चार शक्यता, चारही बरोबर. मुलांना तक्ता समजावा म्हणून चार रांगांत नाण्यांची चित्रं काढून नेली होती — छाप्याला चेहरा, काट्याला फुली. बाई म्हणाल्या, "झालं ना घरचं उदाहरण दुरुस्त?"

"हो," म्हणाले. हे मात्र सरळसरळ खोटं.

चौदा वर्षं दुप्पट भांडी घासली, मग एकदा खोली मिळाली तर काय बिघडलं? — हे मी लिहिलं? खोडत नाही. राहू दे. लाज वाटून घ्यायला उपयोगी पडेल.

शनिवार, १४ मार्च

सांगून टाकलं! उद्याच डबा, म्हणजे आज नाहीतर कधीच नाही. चित्रांचा तक्ता ताटाशेजारी पसरला आणि एका दमात बोलले. आवाज इतका चिरका आला की आईला वाटलं, मी नापासच झाले.

बाबांचा हात ताटात थांबला. "म्हणजे इतकी वर्षं मी अन्याय केला?"

ताई आधी खूश झाली. "म्हणजे माझ्या वाटची भांडी तू घासलीस? गुणाची गं माझी!"

"शिकवलं की हे असं होतं," दादा म्हणाला. "आता उद्या म्हणेल, पाटाला पाय तीनच आहेत."

बाबा हसले नाहीत. कानावरची पेन्सिल काढली, एक फळी घेतली आणि स्वतः नाणी उडवायला बसले. चाळीस वेळा! प्रत्येक वेळी फळीवर एक रेघ. दादाच्या अकरा, ताईच्या आठ, माझ्या एकवीस. रेघा पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाले, "गुण्यात नाही." वाकड्या चौकटीला ते असंच म्हणतात, आणि मग ती उकलून पुन्हा ठोकतात.

नवा नियम मी सुचवला. एका नाण्याला बाबांनी दोन्ही बाजूंनी लाल ठिपका दिला, दुसरं पांढरंच ठेवलं. लाल छापा, पांढरं काटा — तर मी. लाल काटा, पांढरं छापा — तर कुणीच नाही, पुन्हा उडवायचं. आता तिघांना एकेक.

सगळं मजेत चाललं होतं. आणि ताटं उचलता उचलता ताई सहज बोलून गेली, "अगं, शाळासुद्धा डब्यावरच ठरली होती ना?"

ठरली होती. मी सहा वर्षांची होते, ताई आठ, दादा नऊ. तिघांपैकी एकालाच पाठवणं जमणार होतं. बाबांनी डबा पालथा घातला. 'एक-एक' पडलं.

दादा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेला.

रविवार, १५ मार्च

डबा झाला. आज बाबांनी स्वतः उचलला, एका झटक्यात.

लाल काटा, पांढरं छापा!

जुन्या नियमानं खोली माझी होती. माझी! कडीसकट! सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "पुन्हा उडवा." आवाज आजही चिरकाच आला.

दुसऱ्यांदा दोन्ही काटा. ताईनं अशी किंकाळी फोडली की काकू धावत आल्या. ताई म्हणाली, "मशीनच्या खडखडाटात अभ्यास होत असेल तर वर येऊन बस. कडी आतून लावू."

मी हरले आणि दिवसभर गुणगुणत होते. विचित्रच आहे मी.

सोमवार, १६ मार्च

खोली हातची सोडता आली. शाळा कशी परत करायची? दादाला चारातली एक, ताईला एक, मला दोन — आणि मी शिकले! ताईला विचारलं तर म्हणाली, "मला आकडे बघितले की झोप येते, सुटले मी." पण दादा?

कामाच्या खोलीत गेले. तो रंधा मारत होता. म्हटलं, "दादा, तुझी शाळा कदाचित मी घेतली."

"बडबड नको. फळी धर."

धरली. फळीचं काम संपेपर्यंत तो रंधाच मारत राहिला. केसांत भुसा घेऊन परत आले.

मंगळवार, १७ मार्च

दादा उंबऱ्यापाशी येऊन बसला. "तो चित्रांचा तक्ता दाखव." मी दाखवला. त्यानं पहिल्या रांगेवर बोट ठेवलं — दोन्ही छापा.

"शाळा ठरली त्या दिवशी हे पडलं होतं. कड उचलून बघितलं. एक नाणं अंगठ्यानं उलटवलं, मग डबा उचलला." उठला. "उपकार-बिपकार मानू नकोस. मला रंधा हवा होता."

तक्त्याखाली पाचवी रांग आखली आहे. तिच्यापुढे काय लिहायचं, ते बाईंनाही विचारता येणार नाही.