बाबांचा मेल पुन्हा सुरू

दादा,
मी कामावर निघालेय. बाबांचा मेल सुरू झाला. नव्या कॉम्प्युटरवर तू पासवर्डची फाइल आणलीस, पण ती उघडायला लागणारी किल्लीची फाइल जुन्यातच राहिली. तुझी नेहमीची घाई! दोन्ही एकत्र टाकल्यावर पासवर्ड परत आले.

इतके दिवस मेल कॉम्प्युटरवर उतरतच नव्हते. त्यामुळे सर्व्हरवरची बाबांची पेटी गच्च भरली आणि आईचे मेल तिच्याकडे परत जायला लागले. तिचं जेवणावरचं मन का उडालं, ते आता कळलं. बाबा गेल्यापासून ती त्यांना रोज लिहितेय.

मी एकही उघडला नाही. तूही उघडू नकोस, आणि कॉम्प्युटर बंद करू नकोस, नाहीतर पेटी पुन्हा भरेल. आज सकाळी तिचा नवा मेल पोचला. विषय तेवढा दिसतो: ‘कुठे होतात?’