नेहाचा प्रीमियम झीरो

करामा, एप्रिल २०१०, शुक्रवार संध्याकाळ

कॅनडाहून नेहाचा फोन आला. टॅक्स भरला म्हणे. "मम्मी, यंदा हेल्थ प्रीमियम झीरो!" आणि हसली. ह्यांनी लगेच शाबासकी दिली. शाबासकी कसली डोंबलाची! गेल्या वर्षी तीच कुरकुरत होती, की तिच्या प्रांतात टॅक्ससोबत कमाई बघून हे दवाखान्याचे पैसे घेतात, कमी कमाईवाल्यांना माफ. मग झीरो कसा? पोरीची नोकरी गेली की काय? मंदीत इथे आखातात ह्यांचा जबल अलीतला पगार अर्धा झाला, तेव्हापासून आमचं भाडं तीच पाठवते. कुठून आणते? आणि हसली कशाला? ह्यांना आत्ता नाही सांगत, हाय खातील. उद्या तिलाच झापते. भाडं पाठवणं खलास. आधी सांग, जेवतेस काय?