अण्णांचा नवस

लातूर,
रविवार, १५ जानेवारी २००६

तीर्थरूप अण्णांना तनुजाचा नमस्कार.

मी इथं बरी आहे. मेसच्या भाकरी आता चांगल्या येतात, मायला सांगा. मागच्या टेस्टला फिजिक्समध्ये मागे पडले, बायोलॉजीत क्लासमध्ये तिसरी आले. पहाटे पाचला उठते. खोलीतली हदगावची नाजिया नमाजासाठी उठते, तीच मला हलवते.

फोनवर बोलता आलं असतं, पण एसटीडीच्या दुकानात मागे दहा मुली उभ्या असतात. त्यांच्यासमोर बापाशी भांडता येत नाही. म्हणून पत्र.

मायनं सांगितलं, तुमच्या अंगठ्याची जखम दोन महिने झाले तरी भरत नाही. औशाच्या डॉक्टरांनी साखर तपासली आणि स्पष्ट सांगितलं, पायात चप्पल घातली नाही तर बोट काढावं लागेल, पुढं पायसुद्धा. आणि तुम्ही 'बघू' म्हणून तसेच ढेकळांतून शेतात गेलात. सोमवारी जुन्या गावातल्या महादेवालाही अनवाणीच.

मारोतीकाका तुरी घेऊन आडतीवर आले होते. त्यांच्यासोबत चप्पल पाठवली आहे. मऊ रबराची आहे, साखर असलेल्यांसाठीच करतात.

अण्णा, मी भूकंपातून जिवंत निघाले म्हणून तुम्ही पायात काही घालत नाही, हे मी बारा वर्षं ऐकत आले. लग्नात, बाजारात, शाळेत. "हीच का ती? हिच्यासाठी बाप अनवाणी चालतो." परवा क्लासमध्ये सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, डॉक्टर का व्हायचंय. माझ्या तोंडून तेच निघून गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कधी एकदा खाली बसते असं झालं. त्या दिवसापासून पुस्तक उघडलं की तुमच्या टाचांच्या भेगा दिसतात. एक मार्क गेला तरी वाटतं, तुमचं तेवढं चालणं वाया गेलं.

मी तेव्हा पाच वर्षांची होते, म्हणून मला काहीच आठवत नसेल असं सगळे धरून चालतात. असू दे.

चप्पल घाला. देव रागावला तर माझ्यावर रागावू दे.

आपली लेक,
तनुजा


नवं गाव,
सोमवार, २३ जानेवारी

चि. तनुजास अण्णाचे आशीर्वाद.

मारोतीनं पिशवी आणून दिली. तुझं पत्र तुझ्या मायला वाचून दाखवलं, थोडं गाळून. तूर झाली. हरभऱ्याला घाटे लागलेत. गाय व्याली, कालवड झाली. तुझी माय म्हणते, तनूला आवडंल.

चप्पल मापात आली. उंबऱ्याच्या आत ठेवलीय. आठ दिवस झाले, बसल्या बसल्या तिच्याकडं बघतो.

मी सातवी शिकलेला माणूस, मला लिहायला जमत न्हाई. पण तुला पुस्तकात माझ्या टाचा दिसतात म्हणून तू लिहिलंस, तवापासून घास गोड लागेना. तुला एक सांगायचं हाय. तुझ्या मायलाबी हे ठाऊक न्हाई.

भूकंप झाला तवा तुझी माय उदगीरला माहेरी होती. मी खळ्यावर, उडदाच्या राशीला राखण. घरात तू, तुझा दादा दयानंद अन आजी. उजाडता उजाडता गावात पळत आलो तर गाव जाग्यावर न्हाई, नुसते दगडमातीचे ढीग. दाराच्या चौकटीवरून आपला ढीग ओळखला. आजी लवकर सापडली, गेलेली. मग मी अन मारोती हातानंच दगड काढाया लागलो. मी हाका मारत होतो.

"दयानंद. ए दयानंद."

तनू, मी तुला हाक मारली न्हाई.

तो सात वर्षांचा, तू पाचची. तो पोरगा होता, आपल्यात काय असतं ते तुला आता कळतं. त्या वक्ताला माझ्या तोंडात दुसरं नाव आलंच न्हाई. दगड उचलता उचलता पुटपुटलो, महादेवा, माझा दयानंद दे. मग मोठ्यानं म्हणलो, जल्मभर पायात घालणार न्हाई. तेवढंच मारोतीनं ऐकलं.

अन आतून बारीक आवाज आला, "ओ." मला वाटलं, देवानं दिलं. दुपारपर्यंत उकरलं. निघालीस तू.

माझे हात थांबले. तू डोळे किलकिले करून माझ्याकडं बघत होतीस, अन माझे हात पुढं झाले न्हाईत. मारोतीनं तुला उचललं. तुझ्या मागंच दयानंद होता. तो गेला होता.

म्हणजे नवस काही फळला न्हाई. देवाशी सौदा म्हणला तर मी मोकळा होतो. पण मारोतीनं सांगितलं, शेषेराव नवस बोलला अन लेक निघाली. गावभर झालं. बाया तुला कडेवर घेऊन यायच्या अन माझ्या पाया पडायच्या. मला न्हाई म्हणता आलं न्हाई. चप्पल घातली असती तर लोकांनी इचारलं असतं, अन खरं सांगावं लागलं असतं. म्हणून अनवाणी चालत राहिलो. माझी भक्ती म्हणतात ती एवढीच.

पहिली दोन-तीन वर्षं सोमवारी महादेवाकडं जायचो ते भांडायला. पुढं भ्याव वाटाया लागलं. ह्याला माझ्या पोटातलं ठाऊक हाय, आता ही बी नेतो का काय. तुला ताप आला की हप्त्यात दोनदा जायचो. मग तू शाळेतून आलीस की सुई घेऊन माझ्या पायातले काटे काढायला बसायचीस. पाय मांडीवर घ्यायचीस अन मलाच दम द्यायचीस, हलू नका. एवढीशी होतीस. तवा मला कळलं, आपल्याला काय मिळालंय. तवापासून मी काही मागत न्हाई. जातो, बसतो, तुझं नाव घेतो, येतो.

यंदा सप्त्यात महाराज सांगत होते, देवाकडं चार तऱ्हेचे लोक येतात. एक संकटातला, एक काहीतरी पाहिजे असलेला, एक जाणून घ्यायची ओढ लागलेला, अन एक ज्याला कळलं तो. मी मांडवात बसून बघत होतो, आपण ह्यात कुठं बसतो. लपायला येणारा माणूस त्यांनी सांगितलाच न्हाई. उठून इचारावं वाटलं. धीर झाला न्हाई.

तर माझ्या चालण्याचं वझं तुझ्यावर न्हाई. तुझ्यासाठी मी नवस केलाच नव्हता. डॉक्टर हो, न्हाईतर नको होऊ.

चप्पल घालू का नको, ते तू सांग. हे मी देवाला इचारत न्हाई, तुला इचारतो.

शेषेराव


लातूर,
रविवार, २९ जानेवारी

अण्णा,

पत्र तीनदा वाचलं. नाजियानं विचारलं, घरी काही झालं का? मी म्हटलं, झालं होतं, फार पूर्वी.

मला आठवतं. सगळं नाही. अंधार, तोंडात माती, आणि दादाचा हात. त्यानं माझा हात धरला होता. तुमची हाक ऐकू आली. मी त्याला म्हटलं, दादा, अण्णा बोलवतायत, ओ दे. तो काही बोलला नाही. घरी तो खेळात गुंतला की त्याच्याऐवजी मीच ओ द्यायचे, तुम्हाला आठवतं का? तशीच दिली.

म्हणजे हाक कुणाला होती, हे मला बारा वर्षं माहीत आहे.

मला वाटायचं, मी तुम्हाला फसवलं. दादाच्या नावावर मी निघाले, आणि हे कुणाला कळू नये. लोक नवसाचं बोलायला लागले की मी मायच्या मागं जाऊन उभी राहायचे. तुम्ही महादेवाकडं लपत होतात, मी अभ्यासात. एका घरात राहून आपल्याला एकमेकांचं कळलं नाही.

तुमचे हात थांबलेले मला आठवत नाहीत. मला आठवतं ते भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमधलं. तुम्ही धोतराचा सोगा ओला करून माझ्या कानातली माती काढत होतात. मी रडले की थांबायचात, फुंकर घालायचात, परत काढायचात. आख्खा दिवस तेच चाललं होतं असं मला वाटतं. तेव्हा तुम्हाला कोण बघत होतं, अण्णा? कुणीच नाही.

चप्पल घाला. हे पत्र वाचून झाल्यावर लगेच घाला आणि औशाला जाऊन जखम दाखवून या. महादेवाच्या पायरीला सगळे काढतात तशी काढा, येताना परत घाला. मी परीक्षा देणार आहे. डॉक्टर व्हायचं माझ्याही मनात आहे, हे मला या आठवड्यात पहिल्यांदाच नीट कळलं. जमलं नाही तर दुसरं काही करीन.

मायला मी आल्यावर सांगू. तुम्ही एकट्यानं सांगू नका, मी शेजारी बसते.

एक करा. आपल्या घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. सोमवारी जाल तेव्हा आमची दोघांची नावं घ्या. त्याचं आधी घ्या, तो मोठा होता.

तुमची धाकटी,
तनुजा