इतिहासाच्या जागेबद्दल आभार

प्रिय देवका,

हातानं लिहिलेलं पत्र पाहून तू आधी घाबरशील आणि मग माझं अक्षर पाहून हसशील. दोन्ही उरकून घे, मग वाच. आई बरी आहे, मी बरा आहे, पंखा तेवढा अजून कुरकुरतो. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण घरात फोन वाजला की आई भाजीची परात घेऊन माझ्या शेजारी येऊन बसते, आणि कॉलेजात शेजारी माणिकराव असतात. तेच माणिकराव उद्या सकाळच्या बसनं मंचिर्यालला मेहुण्याकडे निघालेत. त्यांच्याच हाती हे पत्र देतो. पाकीट डिंकानं पक्कं केलंय, कारण अर्थशास्त्राच्या माणसाला दुसऱ्याच्या घरातली आवक-जावक पाहायची फार हौस.

सतरा सप्टेंबरचा कार्यक्रम झाला. निजामाचं संस्थान देशात विलीन झालं त्याचा दिवस, आणि त्यालाच जोडून आपल्या सामाजिक शास्त्रांच्या तिन्ही विभागांचा मिळून वार्षिक सोहळा. वामनराव विभागप्रमुख झाल्यापासून एका मांडवात दोन लग्नं उरकायची पद्धत पडली आहे. प्राध्यापकांच्या वर्षभराच्या कामगिरीची चित्रं पडद्यावर दाखवली. वामनरावांचा एक शोधनिबंध छापून आलाय, ज्या नियतकालिकात आला त्याचं नाव आंतरराष्ट्रीय आहे आणि पत्ता एका झेरॉक्सच्या दुकानाचा. माणिकरावांनी ऑनलाइन चर्चासत्रांची प्रमाणपत्रं इतकी जमवलीत की पडदा पुरला नाही. त्यातल्या एका चर्चासत्राला ते नेरडीगोंड्याच्या शेतात कापसावरची फवारणी पाहत हजर होते, पण प्रमाणपत्रावर ‘सक्रिय सहभाग’ असंच लिहिलंय, आणि ते खोटं नाही. औषध संपलं तेव्हा ते खूप सक्रिय झाले होते. माझ्या नावापुढे काय दाखवावं हा प्रश्नच होता. शेवटी ‘सर्व कार्यक्रमांचे आभारप्रदर्शन’ असं लिहिलं.

तुझंही चित्र होतं. छप्पन साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा आपल्या सीमेवरच्या गावांत काय झालं, यावरचा तुझा प्रबंध. मुधोळच्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेत तू उन्हाळाभर फिरलीस, आणि मी टेपरेकॉर्डर धरून तुझ्या मागं. एका आजोबांनी मला तुझा ड्रायव्हर समजून चहा बाहेर पाठवला होता. ते सगळं त्या एका चित्रात मावलं. खाली लिहिलं होतं, ‘माजी प्राध्यापिका’. मी माणिकरावांना हळूच म्हटलं, माजी काऊन हो? ते म्हणाले, “सर, बदलीच्या माणसाले दुसरा शब्द नाही ना आपल्याकडं.”

शब्द खरंच नाही. जिल्ह्याचे चार जिल्हे झाले तेव्हा आपण दोघांनी पेढे खाल्ले होते, आठवतं? कार्यालयं जवळ येतील म्हणून. मग नोकऱ्यांचे झोन पडले, मग नोकरवर्गाची वाटणी झाली, आणि ज्येष्ठतेच्या यादीत तू माझ्या खाली निघालीस म्हणून मी इथं राहिलो नि तू तिकडं मंचिर्यालला गेलीस. कार्यालयं जवळ आली खरी. बायको तेवढी लांब गेली. तेव्हापासून आपला सगळा जीव एका गोष्टीत अडकलाय. इथली इतिहासाची तुझी जागा रिकामी आहे. ती रिकामी आहे तोवर नवरा-बायकोला एका गावी ठेवायच्या नियमात तुला परत येता येईल. म्हणून तर तू रोज संध्याकाळी फोनवर जेवण विचारायच्या आधी विचारतेस, “जागा हाय ना अजून?” आणि मी म्हणतो, “हाय.” घरात सुनेची जागा भरलेली हवी म्हणून लोक नवस करतात. आपण ती रिकामी राहावी म्हणून केला.

तर पाहुणे. वरच्या कार्यालयातून एक साहेब आले होते, शांत, चष्मेवाले, चहात साखर नको म्हणणारे. मी माझं आभाराचं भाषण नेहमीसारखं आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. तुला माझी ही खोड माहीत आहे, जे अजून घडलं नाही त्याचे आभार मी आधी लिहून ठेवतो. पहिल्यांदा मुधोळहून तू रुजू झालीस त्या दिवशी मी तुझ्या ‘अमूल्य योगदानाचे’ आभार मानले होते, आणि तू पहिल्या रांगेतून म्हणालीस, “सर, आत्ताच तर आले, योगदान करू तरी द्या!” सगळा हॉल हसला आणि माझं पुढचं आयुष्य ठरलं. या वेळी मी मुद्दाम एक वाक्य घातलं होतं, ‘इतिहासाच्या जागेबाबत साहेबांनी दाखवलेल्या आस्थेबद्दल आम्ही ऋणी आहोत.’ म्हटलं, आभार आधी मानले तर माणसाला पुढं नाही म्हणायला जड जातं.

साहेब तेलुगूत बोलले. आधी संस्थानाच्या विलीनीकरणावर, छान बोलले. मग म्हणाले, त्याच भावनेनं आता इतिहास, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र मिळून एकच विभाग होतो आहे. जागांचं ‘हेतुबद्धीकरण’ झालंय. हा तेलुगू सरकारी शब्द इतका देखणा की मला क्षणभर वाटलं, कुणाला तरी बढती मिळाली. पुढचं वाक्य असं होतं की इतिहासाची जागा यापुढे राहणार नाही, इतिहास राज्यशास्त्राचे अमृतराव सर, म्हणजे मी, शिकवतील, आणि ही अधिकची जबाबदारी हीसुद्धा या वर्षीची विभागाची कामगिरीच समजावी. टाळ्या पडल्या. वामनराव उठले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली.

तीच शाल, देवका. तिन्ही विभागांत मिळून एकुलती एक. सत्कार कुणाचाही असो, संध्याकाळी घडी होऊन कपाटात जाणारी. तुला डॉक्टरेट मिळाली तेव्हा तू ती दिवसभर अंगावरून काढली नव्हतीस आणि कपाटाची किल्ली सांभाळणारी शकुबाई दारात उभी राहून म्हणत होती, “मॅडम, द्या ना आता, मले कपाट लावा लागते.” या वेळी मी शाल काढून शकुबाईकडे दिली तर वामनराव म्हणाले, “असू द्या, घरी न्या. आता विभाग एक झाला, आपलं कपाटही जाणार.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाईट माणूस नाही तो. त्याच्याही हातात काही नाही.

त्यानंतर माझं नाव पुकारलं. आभार. हातात कागद होता. बदलायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर बदलून म्हणायचं काय, तेही सुचलं नाही. मी लिहिलेलं सगळं वाचलं, ते आस्थेचं वाक्यसुद्धा. साहेबांनी मान डोलावली. मंचावरच्या कुणालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही, याचंच मला नंतर सगळ्यात जास्त वाईट वाटलं. आयुष्यभर टोमणे मारून लोकांना जेरीला आणणारा मी, आणि ज्या दिवशी टोमणा लागायला हवा होता त्या दिवशी तो आभार म्हणून खपला.

आता घरची गोष्ट. मी बाजारातून दोडके घेऊन घरी पोचायच्या आत शकुबाई आईकडे जाऊन आली होती. तिला भाषणातलं तेलुगू फारसं कळलं नाही, पण तिनं आपल्या हिशेबानं सगळं जुळवलं. सर इतिहासाच्या जागेचं बोलले, साहेबांनी मान हलवली, टाळ्या पडल्या, आणि जी शाल इतक्या वर्षांत कुणाला घरी नेऊ दिली नाही ती सरांना दिली. “लहान गोष्टीले कोणी शाल सोडते का, माय? मॅडम येऊन राह्यल्या!” मी दारात पोचलो तर आई शालीवरून हात फिरवायला उभीच. तिनं माझ्या तोंडावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. म्हणाली, “माही लेक येते आता घरी.” शेजारच्या मथुराबाईला साखर देऊन झाली होती. मी म्हटलं, आई, तसं नाही. ती म्हणाली, “चूप, दृष्ट लागते. फोनवर अक्षर बोलू नोको तिच्याजवळ. दसऱ्याले आली की ओटी भरून मीच सांगीन.” मग तिनं तुझी गादी उन्हात टाकली. मी ती दुसऱ्या टोकाला धरून टाकू लागलो. एवढंच केलं मी.

म्हणून हे पत्र. काल संध्याकाळी तू विचारलंस, जागा हाय ना, आणि आई परात घेऊन समोर बसली होती, हसत, बोट ओठावर ठेवून. मी म्हटलं, हाय. ती जागा आता नाही, देवका. दसऱ्याला तू येशील तेव्हा गल्लीतल्या बायका जमलेल्या असतील, आई तुझ्या ओटीत नारळ घालील आणि कायमची आलीस म्हणून सांगेल. त्या वेळी तुझ्या चेहऱ्यावर ते पहिल्यांदा उमटू नये, एवढंच मला जमवता आलं. आईला आधी सांगायचं, की ओटी भरून झाल्यावर सांगायचं, की सुट्टी संपून तू बसमध्ये बसेपर्यंत सांगायचंच नाही, आणि सांगायचं तर आपल्यापैकी कुणी, हे मला ठरवता येत नाही. तू ठरव. सोमवारपासून मला तुझा तास घ्यायचा आहे आणि मुलं पहिलाच प्रश्न तुझ्याबद्दल विचारणार, त्याचंही उत्तर जमल्यास कळव. तू जे ठरवशील त्याचे आभार मी आत्ताच लिहून ठेवले आहेत.

तुझाच,
अमृत