माझी तलवार आणि माझं शांत मन

१२ एप्रिल
आली! ओसाफुने या तलवारींच्या गावच्या कुराशिगे लोहारांनी माझ्यासाठी घडवलेली, हातची, अस्सल. लोक गाड्या घेतात. मी मनःशांती घेतली. देताना म्हणाले, "सर, महिन्यातून एकदा पात्यावरचं तेल बदला, बास. पातं घासायची पावडर अजिबात नको. सारखं उपसून बघू नका. वर्षाने दाखवायला आणा. पातं खराब दिसलं तर ठेवून घेईन, आधीच सांगतो."
हसलो. जन्मभर उपमुख्याध्यापक होतो. शिस्त मला शिकवणार?
संकल्प: रोज ध्यान. तलवार महिन्यातून एकदाच.

१३ एप्रिल
एकदाच पाहिली. दुपारी पुन्हा, पण ती घाईघाईत, म्हणजे मोजायची नाही.

२ मे
बायको, मित्सुए, म्हणते, "अहो, म्यान तरी दमलं असेल!" हिला पोलादातलं काही कळत नाही.

९ जून, सकाळ
पावसाची रिपरिप. हवा ओली. गंज चढला तर? पावडर भरलेली कापडी पुरचुंडी आणलीच. सिनेमातले सामुराई पात्यावर थापटतात ते काय वेडे? कुराशिगेंची ताकीद सामान्य गिऱ्हाइकांसाठी असणार. टप टप टप. फार शांत वाटलं.
संध्याकाळ: पुन्हा थापटलं.

१३ ऑगस्ट
ओबोन. मित्सुए पितरांसाठी माहेरी गेली. जाताना म्हणाली, "येताय, की ती एकटी घाबरेल?" टोमणा असावा. राहिलो. ध्यान बंद आहे. वेळच मिळत नाही.

५ नोव्हेंबर
पात्यावर धुकं. चष्मा पुसला. धुकं चष्म्यावर नव्हतं. जास्त थापटलं.

९ एप्रिल
झोप उडाली. तीन दिवसांनी तलवार दाखवायची, हातची जाईल. आजारी पडावं का? मित्सुए म्हणाली, "परीक्षेच्या दिवशी पोट दुखणाऱ्या पोरांना तुम्ही काय म्हणायचा?"

१२ एप्रिल
कुराशिगेंनी पातं खिडकीशी नेलं. टोकापासून मुठीपर्यंत पावडरीचे बारीक ओरखडे. धारेवरची लाटांची नक्षी पार पुसट. म्हणाले, "सर, इतकी माया पोलादाला सोसत नाही." ठेवून घेतली. फार वाईट वाटलं. गाडीत मित्सुएने संत्रं सोलून हातात दिलं.
नीट विचार केला. इतरांच्या तलवारी कपाटात पडून असतात. माझी खुद्द घडवणाऱ्याच्या घरी आहे. हा मान कुणाला मिळतो? शिवाय दर शरदात बघायला बोलावलंय. अट एकच: हात पाठीमागे बांधून बघायची.
सहज जमेल. मित्सुए म्हणते, मीही येते, धरून ठेवायला कुणीतरी हवं.