तिचं वाक्य तिला परत द्या

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली! आणि कुणाकडून — ज्यांना चार गोष्टी शिकवायला गेले होते त्यांच्याकडून!

झालं असं, की एक बाई दवाखान्याबद्दल काही सांगत होती. किडकिडीत, गळ्यात शिवणाची टेप. बोलताना जीभ अडकत होती बिचारीची. "दवाखान्यात आम्हाला र... र..." मी चटकन म्हटलं, "रांग लावावी लागते?" मदत म्हणूनच की! व्हीलचेअरवरचे एक मिशाळ गृहस्थ माझ्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, तिचं वाक्य तिला परत द्या."

मग कळलं, हा इथला नियम आहे. कुणी कुणाचं वाक्य पुरं करायचं नाही. केलंच, तर "परत घ्या" म्हणायचं आणि बोलणाऱ्याने पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करायचं. मी म्हटलं, "परत घ्या." कान लाल झाले होते. तिला रांग म्हणायचंच नव्हतं. "दवाखान्यात आम्हाला रात्री आतच घेत नाहीत, रखवालदाराला वाटतं प्यायलेत," असं म्हणायचं होतं.

चालायला, बोलायला, ऐकायला ज्यांना त्रास होतो त्यांनी स्वतःच चालवलेलं हे मंडळ. मी आजवर कितीतरी संस्थांना सल्ला दिला, पण येताक्षणी मलाच शिस्त लावणारी ही पहिलीच. निघताना मिशाळ गृहस्थांनी माझ्या हातात किटली दिली. "नवीन माणसाला पहिल्याच दिवशी काम मिळतं इथे. चहा वाढा." वाढला!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारची बैठक. आधी वाटलं, या गतीने हे लोक कुठे पोचायचे? एका विषयाला अर्धी दुपार. कुणी हातवारे करून बोलतं, कुणी पाटीवर लिहून दाखवतं, आणि बाकीचे थांबतात. नुसते थांबत नाहीत — ऐकतात! मी मोठमोठ्या कचेऱ्यांतल्या बैठका पाहिल्यात. तिथे सगळे आपली बारी येईस्तोवर दुसऱ्याकडे पाहत बसतात, एवढंच.

मिशाळ गृहस्थांना सगळे 'कंडक्टर' म्हणतात. पूर्वी बसवर होते, अपघातात पाय गेले. बैठक रेंगाळली की अजूनही ओरडतात, "चला, पुढे सरका!" आणि ती टेपवाली बाई म्हणजे 'टाचणी'. शिवणकाम करते. बोलायचं नसलं की तोंडात टाचण्या धरून बसते, म्हणून हे नाव. तिलाही ते आवडतं.

या लोकांनी काय काय केलंय! सरकारी दवाखान्यात नर्स नावं पुकारायची, ज्यांना ऐकू येत नाही ते दिवसभर बसून औषध न घेता घरी. मंडळाने तिथे धरणं धरलं, रोज, न कंटाळता. आता भिंतीवर आकड्यांचा फलक लागलाय. सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय झाली. आणि त्याचं श्रेय कुणी एकटा घेत नाही. मला तर नजर लागू नये म्हणावंसं वाटलं.

पण खरा पेच जागेचा आहे. आत्ताची जागा तळमजल्यावरची, जुन्या छापखान्याची. मालकाने विकली. वर्षअखेर सोडायची. जिन्याची जागा यांना चालत नाही, म्हणजे मंडळच विखुरणार. एका मोठ्या विश्वस्त संस्थेकडे तळमजल्यावरच्या खोल्या रिकाम्या आहेत — रुंद दारं, उंबरा नाही. त्यांचे लोक एकवीस तारखेला पाहायला येणार. त्या भेटीची तयारी करून घ्यायला मला बोलावलंय.

१० नोव्हेंबर, सोमवार

घरी नियम लावून पाहिला. नवरा म्हणाला, "आज जरा बाजारातून..." आणि थांबला. मीही थांबले. तोही थांबला. दोघं एकमेकांकडे बघत उभे! शेवटी म्हणाला, "अगं, पुढचं तूच म्हणतेस ना नेहमी."

सासूबाई पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटायचं माझा मुलगा बोलका झालाय." हसून हसून पुरेवाट.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मंडळात अध्यक्षाची खुर्ची दर महिन्याला फिरते. नोव्हेंबर टाचणीचा. म्हणजे एकवीस तारखेला पाहुण्यांसमोर टाचणी बोलणार!

कंडक्टरना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं — त्या दिवसापुरतं तुम्ही बसा. तुमचा आवाज खणखणीत. पाहुण्यांना वेळ नसतो. पहिल्या दोन वाक्यांत निकाल लागतो. हे मी उगाच नाही म्हणत, माझं पोट या धंद्यावर चालतं. ते मिशीवरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "मलाही भीती वाटते हो. ही जागा गेली तर मी घराबाहेर पडून जायचं तरी कुठे? पण मला काय सांगता, तिला सांगा. तोंडावर."

गेले तिच्या दुकानात. तोंडात टाचण्या. मी सगळं समजावून सांगितलं, फार गोड शब्दांत. तिने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. मग बोलली. वेळ लागला. मी मध्ये तोंड घातलं नाही, जीभ दाताखाली धरून बसले.

लहानपणी शाळेत हजेरी घ्यायचे. हिला "हजर" म्हणता यायचं नाही. 'ह' वरच अडायची. तोवर मास्तर पुढच्या नावावर! हिच्या नावापुढे गैरहजेरी. वर्गात बसलेली पोर, रोज गैरहजर! वर्षाच्या शेवटी हजेरी भरत नाही म्हणून पटावरून नाव काढलं. वडिलांनीही मग शिवणाला बसवलं.

"हा महिना माझा आहे," ती म्हणाली. "मी दिला तर पु... पुढचा पण दुसऱ्याला द्यावा लागेल."

मला रडू आवरेना. तिथेच, अर्धवट शिवलेल्या झग्यांच्या ढिगाशेजारी बसून रडले. तिने मला चिंधी दिली नाक पुसायला.

तरी पण... ती बोलली आणि जागा गेली तर? सगळे जन्मभर तिच्याकडे बोट दाखवतील. तीही स्वतःला माफ करायची नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बैठकीत मी विषय काढलाच. माझं मत मांडलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, पुरतं. मग हात वर करायला सांगितलं. टाचणीच बसणार! माझ्या बाजूने एकही हात नाही. कंडक्टरांचाही नाही!

राग आला, आणि कौतुकही वाटलं. दोन्ही एकदम. अशी माणसं मी पाहिली नव्हती. डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली तरी आपल्या शब्दाला चिकटून बसलेली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तालीम. बरी झाली. बरी म्हणजे काय — लांबली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी आले आणि आधी वही उघडली.

दोघं आले. संस्थेच्या अध्यक्षबाई — पांढरे केस, ताठ मान, चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही. आणि त्यांचे चिटणीस, तरुण, चटपटीत, हातात टॅब. बाई बसल्या आणि त्यांनी चकार शब्द काढला नाही. नमस्काराला नमस्कारही चिटणिसांनीच केला.

टाचणी उभी राहिली. नवा पोशाख, स्वतः शिवलेला. "आमच्याकडे येणाऱ्या मा... माणसाला पहिल्याच..."

"भेटीत मदत मिळते. छान," चिटणीस.

"साहेब, तिचं वाक्य तिला परत द्या," कंडक्टर. मी घाईघाईने नियम समजावला. चिटणीस हसले. "हो हो, सॉरी."

टाचणी पुन्हा पहिल्यापासून. "आमच्याकडे येणाऱ्या..."

"आधार मिळतो!"

"परत द्या."

चिटणिसांना सवयच नव्हती हो! अर्धा शब्द ऐकला की तोंड सुटायचं. तिसऱ्यांदा ती सुरुवातीला आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि माझी पाचावर धारण बसली होती. त्यांनी घड्याळ पाहिलं. मीही पाहिलं. टाचणीने नाही पाहिलं. तिने टेबलाची कड धरली आणि बोलली — "आमच्याकडे येणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी क... का... काम मिळतं. कारण त्याच्याकडे कुणी कधी काही मा... मागितलेलंच नसतं."

पुरं केलं! अख्खं! टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आणि मग घात झाला. कंडक्टर अदबीने म्हणाले, "अध्यक्षबाई, आपण काही बोलावं." बाईंनी मान वर केली. ओठ हलल्यासारखे वाटले. तेवढ्यात चिटणीस, "मॅडमचं म्हणणं असं, की विचार करून कळवू."

कंडक्टर म्हणाले — सवयीने, अगदी सवयीने — "साहेब, त्यांचं वाक्य त्यांना परत द्या."

मी डोळे मिटले. एवढ्या मोठ्या बाईंना, त्यांच्याच माणसासमोर! खोलीतले सगळे थांबले. अर्थातच थांबले, तेवढंच तर येतं यांना! सगळे बाईंकडे बघत, शांत, वाट पाहत. बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्या उठल्या आणि निघून गेल्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चिटणिसांचा फोन. "मॅडम कालपासून कुणाशी बोलत नाहीयेत. एवढा अपमान कधी झाला नव्हता त्यांचा. जागेचा विषय आता माझ्या तरी हातात नाही."

मी तडक मंडळात गेले आणि कंडक्टरांवर तोंडाचा पट्टा सोडला. एका माणसापुरता नियम गिळला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाले, "चुकलं असेल माझं. पण त्या काहीतरी म्हणणार होत्या, मॅडम. मी पाहिलं." मी म्हटलं, "काय म्हणणार होत्या? गर्व नुसता! नमस्कारसुद्धा दुसऱ्याने करायचा म्हणजे काय!"

टाचणी कोपऱ्यात कापड बेतत होती. तिचा चेहरा असा उजळलेला, की मला पुढे बोलवेना. "मी पुरं केलं ना?" तिने विचारलं. हो गं बाई, केलंस. सगळ्या शहराने ऐकायला हवं होतं असं केलंस.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर जागा पाहत हिंडले. जिना. जिना. जिना. एके ठिकाणी लिफ्ट, तर तिच्यापर्यंत पोचायला पायऱ्या! हात टेकले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी फोन. अनोळखी नंबर. पलीकडे कुणी बोलेना, नुसता श्वास. कुणीतरी थट्टा करतंय समजून ठेवणार होते, तर आवाज आला — "अ..." मग थांबला. मग पुन्हा "अ... अ..." बाईमाणूस. वयस्कर.

मला कळलं! पुढचा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी ओठ दाबून धरले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मिक्सर बंद केला.

खूप वेळाने त्यांचं नाव त्यांनीच सांगून झालं. मग त्या म्हणाल्या, जागेचं काय ते मीच सांगेन, चिटणीस नको. हे एवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले! मी फक्त ऐकलं.

"त्या दिवशी तिथे सगळे मा... माझ्यासाठी थांबले होते. असं आजवर कुणी... कुणी थांबलं नव्हतं. मीच उठून गेले. माझं वाक्य रा... राहिलंय. शुक्रवारी येऊ का?"