मागच्या डाव्या चाकातला आवाज

अप्पा, जाताना तो आवाज तुमच्याबरोबर न्यायचा होता. बाकी सगळं नेलंत, आईची झोपसुद्धा नेलीत, आणि मागच्या डाव्या चाकातली ती टक् तेवढी माझ्यासाठी ठेवलीत. इतकी वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली तुमची लहान गाडी मी बाहेर काढली ती हे ऐकायला नाही. लेकीला सातवा लागलाय. सासर गावातच, गोत्रीला, गुजराती माणसं, चांगली आहेत. रविवारी तिचं सीमंत, म्हणजे आपलं डोहाळजेवण, झालं की तिला तरसालीला माझ्याकडं आणायची, आणि तिचा हट्ट की आजोबांच्याच गाडीतून येणार. जावयाची मोठी गाडी दारात आहे, ती नको. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, धक्के बसता कामा नयेत. म्हणून मकरपुऱ्याच्या रस्त्यावर एका मिस्त्रीकडं गाडी नेली आणि खालचं सगळं बदलून घेतलं. मागचे गंजलेले पाटे काढून नवे नरम पाटे बनवून बसवले, चारही चाकांना धक्के झेलणारे नवे जंपर, रबरी बुश नवे. आता बंपवरून गाडी अशी उतरते की मांडीवरचं मूल जागं होणार नाही. आणि उतरली की मागं डावीकडं टक्. एकदाच.

मिस्त्री म्हणतो, "बेन, कशुं नथी. माखण जेवी चाले छे." मी म्हटलं, लोणी माझ्या घरात आहे, तुम्ही चाक उघडा. त्यानं उघडलं, दाखवलं, बंद केलं. परत टक्. तीनदा उघडलं बिचाऱ्यानं. ह्यांना मागच्या सीटवर बसवून फिरवलं, तर हे म्हणाले, "मला घरात तुझाच आवाज पुरतो, गाडीचा कुठून ऐकू?" हसले आणि उतरले. काल मिस्त्री जेवणाच्या डब्याकडं बघत हात पुसायला लागला आणि म्हणाला, "हवे अवाज तमारा कानमां छे, बेन." ते वाक्य मी ओळखते, अप्पा. हात पुसतानाचा तो चेहराही ओळखते.

प्रतापनगरच्या वर्कशॉपात तुम्ही हातोडीनं रेल्वेची चाकं ठोकून बघत होता. चांगलं चाक वाजतं, तडा गेलेलं चाक बसक्या आवाजात बोलतं, हे तुम्ही मला ताट आणि फुटकी बशी वाजवून शिकवलं होतं. क्वार्टर्समधले लोक म्हणायचे, ह्यांच्या कानावर गाड्या धावतात. मला शाळेचं डोकं नव्हतं, सातवीत संपलं, पण कान तुमचा घेतलाय असं तुम्ही चारचौघांत सांगायचा. मग आपल्या ह्याच गाडीत ती टक् सुरू झाली. तीन रविवार तुम्ही मला गाडीला जुंपलंत. मी एकोणीसची. मैत्रिणी नवरात्रीची चणियाचोळी घ्यायला निघालेल्या, मला हाका मारतायत, आणि मी मागच्या सीटला कान लावून क्वार्टर्सना चकरा घालतेय. तुम्ही विचारताय, "आला?" मी म्हणतेय, "नाही." "नीट ऐक." मी म्हटलं, "अप्पा, आवाज गाडीत नाही, तुमच्या कानात आहे."

तुम्ही गाडी बंद केलीत. रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही आरशातनं माझ्याकडं बघत म्हणालात, "तुझे कान तरणे. तू म्हणतेस तर नसेल." दुसऱ्याच दिवशी साहेबाकडं जाऊन सांगितलंत, माझा कान गेला, मला चाकांवरून काढा, माणसं बसतात गाडीत. हातोडी जमा केलीत आणि रिटायर होईपर्यंत स्टोअरात खिळे मोजत बसलात. आई म्हणायची, ह्यांना काय झालं, घरात बोलत नाहीत. मी पोळ्या लाटत ऐकायची.

आवाज होता, अप्पा. तिन्ही रविवारी आला. मला स्पष्ट ऐकू आला होता. मला बाजारात जायचं होतं, म्हणून नाही म्हटलं. नंतर रोज सांगेन म्हणत होते, मग माझं लग्न झालं, मग तुम्ही गेलात. हे पत्र टाकायला पेटी नाही म्हणूनच लिहिता येतंय.

आता माझं मलाच कळत नाही. मिस्त्रीला खरंच काही ऐकू येत नाही, की माझ्यासारखंच त्यालाही उठायचंय? आवाज खरा असेल तर पोटुशा पोरीला मी त्या गाडीत बसवणार नाही, तिनं कितीही तोंड फुगवलं तरी. खरा नसेल तर हा तुम्ही लावलेला दंड आहे, तो मी भरीन, पण माझ्याकडून भरून घ्या, तिच्याकडून नको. सकाळपासून अंगणात गाडीपाशी बसलेय. उभ्या गाडीतनंही आता येतो.

शनिवारी दिवे लागायच्या आत मला सांगा, आहे की नाही. आणि मी तुम्हाला दिलं तसं उत्तर देऊ नका.